शब्दचर्चा : गाडीची ‘ताकद’, ‘ओढ’ आणि ‘पिकअप’

प्रश्न :
२०१९ साली भारतात आलेल्या पिढीची बीएमडब्ल्यू ३ सीरीज आम्ही जुन्या गाड्यांच्या बाजारात पाहत आहोत आणि पेट्रोलची ३३०आय घ्यावी की डिझेलची ३२०डी, यावर घरात एकमत होत नाही. चर्चेत ‘ताकद’, ‘पॉवर’, ‘टॉर्क’ आणि ‘पिकअप’ हे शब्द सगळेच जण एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे कोण कशाविषयी बोलत आहे हेच कळेनासे होते. यांच्यातील फरक मराठीत काटेकोरपणे मांडता येईल का? ‘ड्रायव्हिंग फील’साठीही आपल्याकडे एखादा रुळलेला शब्द आहे का?

उत्तर :
घोळाचे मूळ ‘ताकद’ या शब्दात आहे. शाळेत बल, कार्य आणि शक्ती या तीन वेगळ्या गोष्टी म्हणून आपण शिकतो आणि कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती, ही व्याख्या पाठही करतो. पण शोरूममध्ये पाऊल ठेवले की त्या सगळ्यांची मिळून एकच ‘ताकद’ होते. आपण निवडलेल्या दोन गाड्या हा फरक समजून घेण्यासाठी फार चांगल्या आहेत. दोन्ही इंजिने दोन लिटरची, चार सिलिंडरची आणि टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे यंत्र) बसवलेली असून दोन्हींचा कमाल टॉर्क ४०० न्यूटन-मीटर इतकाच आहे, तरीही ३३०आयची कमाल शक्ती २५८ अश्वशक्ती आहे आणि ३२०डीची १९०.

टॉर्क म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे त्याच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, मिळणारा पीळ, आणि त्या पिळाला शाफ्टच्या फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. डिझेल इंजिन ४०० न्यूटन-मीटरचा पीळ मिनिटाला १,७५० ते २,५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात देते आणि ४,००० फेऱ्यांना आपली कमाल शक्ती गाठते. पेट्रोल इंजिन तेवढाच पीळ १,५५० फेऱ्यांपासून थेट ४,४०० फेऱ्यांपर्यंत टिकवते आणि कमाल शक्ती ५,००० ते ६,५०० फेऱ्यांच्या दरम्यान देते. म्हणूनच कंपनीच्या आकड्यांनुसार शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला ३३०आयला ५.८ आणि ३२०डीला ६.८ सेकंद लागतात. (हे अश्वशक्तीचे आकडे मेट्रिक आहेत. मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉटची आणि ब्रिटिश ७४५.७ वॉटची असल्यामुळे दोन पत्रके शेजारी ठेवताना एकक आधी पाहावे.)

टॉर्कसाठी बोलीतला ‘ओढ’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. माणसे आणि सामान भरलेली गाडी खंडाळ्याच्या चढावर गिअर न उतरवता निवांत चढते, तेव्हा तिला ‘ओढ चांगली आहे’ असे म्हणतात, आणि तिथे जाणवतो तो कमी फेऱ्यांवरचा पीळच असतो. तोच चढ संपल्यावर द्रुतगती मार्गावर १०० च्या पुढे गाडी ज्या जोमाने वेग घेत राहते, ती शक्ती. ‘पिकअप’ ही तिसरीच गोष्ट आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी उसळेपर्यंत किती वेळ जातो, हे तो शब्द सांगतो, आणि त्यात टर्बोला दाब तयार करायला लागणारा वेळ आणि गिअरबॉक्सची तत्परता यांचा मोठा वाटा असतो. हा आकडा सहसा पत्रकात छापलेला नसतो. तो गाडी स्वतः चालवूनच पाहावा लागतो.

‘ड्रायव्हिंग फील’साठी ‘चालन-अनुभूती’सारखे नाम घडवण्याच्या मी विरोधात आहे, कारण मराठीत ही गोष्ट क्रियापदांनी फार सुरेख सांगता येते. गाडी रस्ता धरून चालते, वळणावर कलते, खड्डा पोटात घेते, आणि स्टिअरिंग चांगले असेल तर रस्ता हाताला कळतो. या चार वाक्यांत ग्राहकाला हवे ते जवळजवळ सगळे येते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वाक्य वेगळे तपासता येते. याच गाडीची ग्रान लिमोझिन ही लांब आवृत्ती पाहणार असाल, तर तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ११० मिलिमीटरने जास्त आहे हे ध्यानात ठेवावे. त्याचा लाभ मागे बसणाऱ्याच्या पायांना होतो, स्टिअरिंग धरणाऱ्याला नाही.

आणखी एक मत :
वरील विवेचन पटले, परंतु ‘ओढ’ या शब्दाविषयी एक अडचण आहे. गॅरेजमध्ये ‘गाडी डावीकडे ओढते’ ही सर्रास ऐकू येणारी तक्रार आहे आणि ती इंजिनाविषयी नसते. चाकांचे अलाइनमेंट बिघडले किंवा एका बाजूच्या टायरमधली हवा कमी झाली, की गाडी सरळ न जाता एका अंगाला जाऊ लागते. मेकॅनिकशी बोलताना यातून गैरसमज होऊ शकतो.

उत्तर :
ही हरकत रास्त आहे. त्या तक्रारीत नेहमी दिशा सांगितलेली असते, म्हणून संदर्भ बहुधा स्पष्ट राहतो. तरीही इंजिनाविषयी बोलताना ‘ओढते’ या क्रियापदाऐवजी ‘ओढ आहे’ किंवा ‘चढाला ओढ कमी पडते’ असा नामाचा प्रयोग करावा. लेखी तुलनेत मात्र ‘टॉर्क’ हाच शब्द ठेवावा, कारण पत्रकात न्यूटन-मीटरच्या आकड्याशेजारी तोच छापलेला असतो.