टेकडीवर ५,००० रोपं लावायची म्हणतायत, पण आधी तिथे काय आहे ते मोजायचं कसं?

पायवाट_रोजची

नमस्कार मंडळी. पुण्यात पश्चिमेकडच्या एका टेकडीवर मी गेली अकरा-बारा वर्षं रोज सकाळी जातो, आमचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप आहे, आधी नुसतं चालायचो, मग कचरा उचलायला लागलो, मग उन्हाळ्यात कॅन घेऊन झाडांना पाणी. आता एका कंपनीने सीएसआरमधून (म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून) ५,००० रोपं, ठिबक आणि फलक असं सगळं देऊ केलंय. जागा दाखवली ती वरचं पठार. साहेब म्हणाले, इथे काहीच नाहीये, मोकळंच आहे.

खरं सांगू का, मलाही परवापर्यंत तसंच वाटायचं. पण मागच्या रविवारी आमच्यातल्या एक काकू, शाळेत बॉटनी शिकवायच्या, त्या पठारावर मांडी घालून बसल्या आणि सतरंजीएवढ्या जागेत त्यांनी सतरा वेगवेगळ्या वनस्पती मोजून दाखवल्या. तेरडा आणि कुसळी सोडून मला एकही ओळखता आली नाही!! अकरा वर्षं त्यावरून चालतोय मी.

तर प्रश्न असा की खड्डे घेण्याआधी आहे ते मोजायचं कसं, आमच्यासारख्यांना जमेल असं? एक्स्पर्टची फी परवडणारी नाही. आणि कंपनीला मार्चच्या आत पैसे संपवायचेत.

---

गवत्या

दादा, पहिली गोष्ट म्हणजे "मोकळं" हा शब्द ग्रुपमधून हद्दपार करा. आपल्याकडे सरकारी पडीक जमिनीच्या नकाशातसुद्धा झुडपी माळ आणि गवताळ भाग पडीकमध्येच धरलेत, मग कंपनीच्या साहेबाला काय बोलणार.

पद्धत सांगतो. आधी गूगल अर्थवर टेकडी उघडा आणि तुकडे पाडा. गवताचं पठार, झुडपी उतार, गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लागवड, ओढ्याची घळ, जुनी खाण असली तर ती वेगळी. जुन्या वर्षांच्या इमेजेसही दिसतात, त्या नक्की बघा, कुठलं गवत कधी झाकलं गेलं ते कळतं. मग प्रत्येक तुकड्यात काही ठिकाणं आधी नकाशावरच ठरवा आणि जीपीएस लावून तिथे जा, कारण तिथे पोचल्यावर जागा निवडायला गेलात की माणूस आपोआप छान फुललेल्या ठिकाणीच बसतो. झाडांसाठी १० बाय १० मीटरची दोरी, गवतासाठी १ बाय १ मीटरची चौकट. पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो आणले की झाली चौकट. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, शिवणकामाची टेप चालते. आणि मोठ्या झाडांपेक्षा खालची पोरं जास्त लक्ष देऊन मोजा. हिवर, खैर, मोई, सालई, गणेर, मेडशिंगी यांची आपोआप उगवलेली रोपं गुडघाभर तरी दिसतायत का? दिसत असतील तर तिथे तुम्हाला लावायचं काहीच नाहीये, फक्त आग आणि पाय लांब ठेवायचेत.

आणि हे एका फेरीत होत नाही. ऑगस्टात रानहळद नि कळलावी दिसते, ऑक्टोबरात गवतं तुऱ्यावर येतात (तेव्हाच ती ओळखता येतात, आधी सगळं हिरवं म्हणजे गवत), जानेवारीत पक्षी, मे महिन्यात खरी टेकडी. मे मध्ये जे जिवंत आहे ते तिथलं. सुरुवात ऑगस्टला केलीत तर मे उजाडेपर्यंत थांबावंच लागेल, तुमच्या साहेबाच्या मार्चचं मी काही करू शकत नाही.

---

जुना_कोथरूडकर

हे सगळं वाचायला छान आहे पण मी साठी ओलांडलेला माणूस आहे, आम्ही लहान असताना या टेकड्या बोडक्या होत्या. बोडक्या म्हणजे बोडक्या, मुरूम आणि दगड. पावसात लाल पाणी खाली वाहत यायचं. ते गिरिपुष्प लावलं म्हणून माती थांबली, सावली झाली, आमच्यासारख्यांना चालता येतं. आता जो उठतो तो परदेशी झाड, परदेशी झाड करत कोयता घेऊन निघालाय. पठारावर सावली नको का कुणाला? उन्हात फक्त गवत बघायला कोण येणार?

---

गवत्या

काका, मातीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, गिरिपुष्प शेंगवर्गातलं, पाला भरपूर पडतो, मुरमावर काळा थर त्याच्यामुळेच आलाय. सरसकट तोडा असं मी म्हणतच नाही. नुसतं तोडलं तर ते बुंध्यापासून दहा फांद्यांनी परत फुटतं, आणि मधल्या उघड्या जागेत घाणेरी (लँटाना) नाहीतर गाजरगवत घुसतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण त्या लागवडीत एकदा फेब्रुवारीत जाऊन बघा, वर गुलाबी फुलं आणि खाली नुसता पाला, एकसारखं. आधी खाली देशी रोपं आहेत का मोजायचं, जिथे आहेत तिथे त्यांच्या डोक्यावरची एखाद-दुसरी फांदी काढून ऊन द्यायचं, इतकंच, वर्षाला थोडं थोडं. आणि तेही परवानगी घेऊन. टेकडीचा कुठला तुकडा वनखात्याचा, कुठला पालिकेचा, कुठला खाजगी हे आधी बघा, पालिका हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा आहे आणि वनजमिनीवर तर काडी मोडायची तरी विचारून.

सावली खालच्या वाटेवर ठेवा की. पठारावर चंडोल आणि टिटवी जमिनीवर घरटी करतात, त्यांना सावली नकोय.

---

जर्सीतला_सातारकर

मी न्यूयॉर्कशेजारी राहतो आणि तिकडच्या पार्कांत व्हॉलंटियरिंग करतो म्हणून सांगतो. लोकांना न्यूयॉर्क म्हटलं की सेंट्रल पार्क आठवतं, पण तिथल्या पार्क खात्याकडे शहरातच ७,००० एकरांवर जंगल आहे, लागवडीचं नाही, आपापलं उगवलेलं. २०१२ मध्ये त्यासाठी एक वेगळी संस्था निघाली, तिने खात्याबरोबर हजाराहून जास्त प्लॉट टाकून सगळं मोजलं, आणि मग २०१८ मध्ये २५ वर्षांचा आराखडा काढला. क्रम बघा, आधी मोजणी आणि मग पैसा मागितला.

मजेची गोष्ट म्हणजे वरचे मोठे वृक्ष ऐंशी टक्क्यांहून जास्त देशी निघाले आणि जमिनीलगतच्या थरात ते प्रमाण निम्म्याच्या जवळ घसरलं. म्हणजे वर बघून चालणाऱ्याला जंगल ठणठणीत वाटतं, आणि खाली पुढची पिढी वेलींनी खाल्लेली असते. म्हणून गवत्या म्हणतोय ते खालची पोरं मोजायचं प्रकरण लई महत्त्वाचं आहे. त्यावरून त्यांनी जागांची प्रतही ठरवली, चांगल्या तुकड्याला थोडा हात लावून तो चांगला ठेवायचा आणि पार बिघडलेल्यावर मोठा खर्च कधी करायचा ते मागाहून बघायचं. आपण नेमकं उलटं करतो, सगळ्यात वाईट कोपऱ्यापासून सुरू करतो आणि तिथेच दमतो.

बाकी तिकडचं इकडे जसंच्या तसं लावू नका, तिथे वर्षभर पाऊस पडतो, आपल्याकडे चार महिने.

---

वणवा_विझवणारी

पावसाचा विषय निघाला म्हणून. पुण्यात वर्षाला साधारण ७००-७५० मिमी पडतो, आणि लोक रोपं कुठली आणतात तर मुळशी-भीमाशंकरच्या रानातली, हिरडा, अंजनी असली. आमच्या टेकडीवर एका संस्थेने अशी लावली होती, दुसऱ्या एप्रिलला जाळीचे गार्ड उभे आणि आत काटकी. नमुना बघायचाच तर कमी पावसाच्या पट्ट्यातली एखादी देवराई किंवा न छेडलेला माळ बघा. गुरुग्रामच्या अरवली बायोडायव्हर्सिटी पार्कात असंच केलंय, खाणीची उजाड जागा होती, जवळच्या मांगर बनीत (जुनं राखलेलं रान) काय वाढतं ते बघून तीच झाडं नर्सरीत वाढवली. आपल्या नर्सरीत सालई मागा, माणूस तुमच्याकडे बघत राहील आणि मग कडुनिंब देईल.

दुसरं, फेब्रुवारीपासूनची आग. सर्व्हेच्या वहीत आगीचा रकाना ठेवा, कुठे लागली, किती वाजता, वारा कुठून. आमच्याकडे तीन वर्षांच्या नोंदीत दिसलं की बहुतेक आगी दोनच जागी लागतात आणि दोन्हीकडे संध्याकाळी पार्ट्या चालतात. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) मग सगळीकडे काढायची गरजच उरली नाही.

घाणेरी काढणार असाल तर कोयत्याने वरून छाटू नका, परत फुटते. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबूंनी काढलेली पद्धत आहे, जमिनीच्या जरा खाली जिथून मूळ आणि खोड वेगळं होतं तिथे कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर आभाळाकडे. फळं धरायच्या आत. आम्ही आठजणी एका सकाळी साधारण टेनिस कोर्टाएवढं साफ करतो, हात मात्र आठवडाभर ओरबाडलेले.

आणि प्लीज जेसीबी येऊ देऊ नका. चर खणायला म्हणून आला की चराबरोबर गवताचा गालिचाही जातो.

---

पायवाट_रोजची

सगळ्यांना खूप थँक्यू, आणि जुना_कोथरूडकर काका, तुम्हीही या एकदा, खालच्या वाटेने येऊ.

अपडेट देतो. साहेबांना पठारावर नेलं आणि चौकट टाकून काकूंनी मोजायला लावलं, त्यांनाच. चौदापर्यंत गेले आणि म्हणाले, हे सगळं एक्सेलमध्ये कसं दाखवू, रोपं असली की आकडा येतो. म्हणून सांगितलं आकडा देतो की, इतक्या चौकटी, इतके प्रकार, आणि दर ऑक्टोबर आणि मे ला त्याच खुंटीवर उभं राहून त्याच दिशेने काढलेला फोटो. पठार वगळायला तयार झालेत. रोपं आता खाणीच्या काठाने आणि घळीत, तीही ३००, आणि उरलेल्या पैशात दोन वर्षांसाठी फायर वॉचर ठेवायचा विचार आहे, पण तो त्यांच्या नियमात बसतो का हे त्यांना मुंबईच्या ऑफिसला विचारायचंय.

फलक मात्र हवाच म्हणतात. पठारावरच.

काल पहिल्या सहा चौकटी झाल्या. चौथीला टिटवीने इतका गोंधळ घातला की आम्ही दोरी तिथेच टाकून मागे सरलो, अंडी कुठे होती ते दिसलं नाही, पण वहीत "चौकट ४, टिटवीमुळे रद्द" असं लिहिलंय. हे असं लिहिलेलं चालतं का?

---

गवत्या

चालतं काय, तीच सगळ्यात चांगली नोंद आहे. दोरी दुपारी जाऊन आणा, आणि फलकाची जागा म्हणून साहेबांना चौकट ४ दाखवू नका.