दसऱ्याच्या सुट्टीत मुंबई की म्हैसूर? (राणीची बाग, मत्स्यालय वगैरे)

शहापूरकर

दसऱ्याच्या सुट्टीत बाहेर पडायचं ठरलंय. आम्ही दोघं, थोरली सहावीत, धाकटा दुसरीत, आणि आई. आईचे गुडघे हे आमच्या घरातलं रोजचं रडगाणं. प्रवास धरून चार दिवस हातात आहेत.

धाकटा शाळेच्या सहलीतून आपल्या बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन आला. तिथला सिंह झाडाखाली पाठ करून झोपला होता म्हणे, त्यामुळे साहेबांचं समाधान झालेलं नाही. त्याला आता 'खरा मोठा झू' पाहिजे. थोरलीला मुंबईच्या राणीच्या बागेतले पेंग्विन. बायको म्हणते म्हैसूर, मी म्हणतो मुंबई. मागच्या वेळी पुण्यात 'सगळंच बघू' म्हणून निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाच्या गेटवर उभे. बुधवार होता, बंद. चूक आमचीच, पाटीवर लिहिलेलं होतं. त्यामुळे या वेळी एकच प्राणिसंग्रहालय आणि जमलंच तर एक मत्स्यालय. कुठलं निवडू? मत्स्यालयावर पैसे घालावेत का?

चिकोडीचा वाटसरू

म्हैसूर. यात विचारायचं काय आहे? १८९२ सालचं, १५७ एकर, आणि झाडी एवढी की भर दुपारीही सावलीतून चालता. आम्ही गेलो तेव्हा जिराफ उंचावर टांगलेला पाला ओढून काढत होता. जीभ काळी-जांभळी, पाटीभर जांभळं खाल्ल्यासारखी, आणि ती फांदीला वेटोळं घालते. माझा पुतण्या तिथून हलेना, शेवटी उचलून आणला. गोरिलाही आहेत, २०२१ मध्ये जर्मनीहून आणलेले. देशात गोरिला बघायचा तर म्हैसूरच. आईंसाठी बॅटरीवरची गाडी मिळते. मुंबईत काय, घाम आणि लोकल.

अनगोळ नाका

वाटसरू, दसऱ्यात म्हैसूर सुचवताय? जंबो सवारीच्या, म्हणजे दसऱ्याच्या हत्ती-मिरवणुकीच्या दिवसांत आख्खं कर्नाटक तिथं लोटतं, लॉजवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. जिराफाची जीभ सोडा, पुढच्या माणसाची टोपी दिसली तरी नशीब.

उलट आपल्या शाळांना दसऱ्याला मोठी सुट्टी असते आणि महाराष्ट्रातल्यांना दिवाळीला. म्हणजे आपण मुंबईत असतो तेव्हा तिकडची पोरं वर्गात. उन्हाळ्यातही तेच, आपल्या सुट्ट्या एप्रिलमध्ये लागतात तेव्हा त्यांच्या परीक्षा चालू असतात. सीमाभागात राहून एवढा तरी फायदा घ्या की.

राणीच्या बागेत आमची आजी मांडवाखालच्या बाकावर बसली आणि समोरची पाटी मोठ्यानं वाचली, 'तरस'. मग पोरांना तिच्या लहानपणची तरसाची गोष्ट सांगितली, आत्याच्या गावची. म्हैसुरात कन्नड-इंग्रजी पाट्या असल्या की म्हातारी माणसं गप्प चालत राहतात. हा फरक मला मोठा वाटतो.

सदलगा

झालं, आली भाषा. प्रत्येक धाग्यात आणलीच पाहिजे का? जिराफ कुठल्या माध्यमात शिकलाय?

अनगोळ नाका

जिराफाचं चालतंय हो. मी आजीबद्दल बोलतोय.

खानापूरचं रान

मला दोन्ही पटत नाही, आणि राग येणार असेल तर यावा. आमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. रस्त्याच्या कडेला गवा उभा असतो, रात्री टॉर्च मारला की डोळे चमकतात. आपल्या बेळगावातच २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सवर बिबट्या शिरला होता, विसरलात? शाळा बंद ठेवल्या, माग काढायला हत्ती आणले. ज्यांच्या दारात जनावर येतं त्यांनी पाचशे किलोमीटर जाऊन पिंजऱ्यातलं जनावर का बघायचं?

आणि पेंग्विन! २०१६ मध्ये सोलहून आठ आणले, एक तीन महिन्यांत गेला. मुंबईच्या उकाड्यात काचेच्या खोलीत बर्फाळ हवा सोडून पक्षी ठेवायचा, आणि आपण बाहेरून 'कित्ती गोड' म्हणायचं.

टिळकवाडी दुसरं गेट

खानापूरचं रान, तो बिबट्या कुणाला दिसला हो? आमच्या घरातून गोल्फ कोर्स हाकेच्या अंतरावर. महिनाभर आमची पोरं घरात कोंडलेली, हत्ती आले, माणसं आली, तो काही सापडला नाही तो नाहीच. तुमच्या भीमगडात मी चार वेळा गेलोय, एकदा गव्याचं शेण दिसलं. ताजं होतं, एवढीच काय ती कमाई. रानातलं जनावर दिसत नाही, म्हणून तर लोक बागेत जातात.

पेंग्विनबद्दलही अर्धवट माहिती नको. मुंबईत आहेत ते हम्बोल्ट पेंग्विन. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तो किनारा म्हणजे वाळवंट, शेजारून थंड प्रवाह वाहतो एवढंच. त्यांना बर्फ लागत नाही, गारवा लागतो. पुढं बागेत त्यांची पिल्लंही झाली. पैसे फार घातले म्हणून भांडा, ते मीही भांडेन.

खानापूरचं रान

पिल्लं झाली म्हणजे सुखात आहेत, हा निष्कर्ष कसा काढला? कोंबडीही अंडी घालते. आणि लांबचं कशाला, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या भुतरामहट्टीत तीसहून जास्त काळवीट चार-पाच दिवसांत गेले. मोकळ्या माळावर असते तर पांगले असते. एका कुंपणात होते म्हणून एकामागून एक पडले.

येळ्ळूर शिवार

ते घटसर्पाचं निघालं ना? आम्हा म्हसरंवाल्यांना तो रोग पाठ आहे. गळा सुजतो, ताप चढतो, सकाळी वैरण खाल्लेली म्हैस संध्याकाळी आडवी. म्हणून पावसाळ्याआधी लस टोचून घेतो. गोठ्यात एकाला झालं की सगळ्यांचं भ्या. काळवीट गेले तेव्हा आमच्या डेअरीवर दूध घालायला आलेली माणसं त्याचंच बोलूलाली होती. वाईट वाटलं लई. पण त्यावरनं झू नकोच म्हणायचं तर गोठापण नको म्हणा की. कुंपण घातलं तर राखणपण चोख पाहिजे, एवढंच मला कळतंय.

निवृत्त मास्तर

चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, सहली काढून काढून केस गेले, म्हणून दोन शब्द.

मी लहान असताना एका मोठ्या शहराच्या बागेत वडिलांनी वाघ दाखवला होता. सिमेंटचा चौकोन, पुढं गज. वाघ आठ पावलं जायचा, वळायचा, आठ पावलं यायचा. वळताना प्रत्येक वेळी खांदा भिंतीच्या एकाच जागी घासायचा, तिथं सिमेंट गुळगुळीत काळं झालं होतं. लोक खूश, कारण वाघ सारखा दिसत होता. पुढं वाचल्यावर कळलं की त्या येरझारा दुखण्याच्या असतात. कोंडलेल्या जनावराला करायला काही उरलं नाही की ते तसं करतं.

तेव्हापासून बाग निवडताना मी एकच बघतो, जनावराला लपायला जागा आहे का. झुडूप, मातीचा उंचवटा, मागची खोली, काहीही. ज्या बागेत 'पिंजरा रिकामाच आहे' अशी लोकांची तक्रार जास्त, ती बाग बहुधा चांगली. शहापूरकर, तुमच्या धाकट्याला सिंहाची पाठ दिसली ना? तो सिंह झाडाखाली आपल्या मर्जीनं झोपला होता. सिंह दिवसातले बरेच तास झोपूनच असतो, रानातसुद्धा. पोराला हे सांगून न्या, म्हणजे त्याची निराशा होणार नाही.

खानापूरकरांचा राग मला कळतो. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९२ पासूनचं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आल्यावर त्या सिमेंटच्या चौकोनांचे दिवस बरेचसे गेले. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवतात ना, तो जनावरांसाठीच, माणसांचा कलकलाट एक दिवस तरी थांबावा म्हणून. राणीची बाग बुधवारी, म्हैसूर आणि बंगळूरजवळचं बन्नेरघट्टा एरवी मंगळवारी, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी.

खानापूरचं रान

मास्तर, लपायला जागा असली तरी पळायला नाही ना. पण येरझारांचं पटलं.

वडगावची सून

इतके प्रतिसाद झाले तरी मत्स्यालयावर कुणी बोललंच नाही, म्हणून मी. पैसे घालू नका. मे महिन्यात एका मोठ्या शहरातल्या मॉलमधलं मत्स्यालय बघितलं. माणशी तिकिटाचा आकडा ऐकून ह्यांनी दोनदा विचारून खात्री केली. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं. बोगद्यात पट्टा सरकतोय, मागचा ढकलतोय, फोटोवाला 'इकडं बघा मॅडम' करतोय. मासे बघायला मान वर केली तोवर आम्ही बाहेर, आणि समोर खेळण्यांचं दुकान. त्यापेक्षा वेंगुर्ल्याला बंदरावर न्या. लिलावात सुरमई कशी हाताळतात ते बघा, येताना घेऊन या.

आणि समुद्रातले शोभेचे मासे बहुतेक पकडूनच आणलेले असतात, तळ्यातल्या माशांसारखी त्यांची पैदास फारशी होत नाही. हे नंतर वाचलं आणि त्या तिकिटाचं जास्तच दुःख झालं.

मारुती गल्ली

वहिनी, पट्टा सरकत होता तो तुमच्या मत्स्यालयाचा दोष, सगळ्या मत्स्यालयांचा नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासा मेलेला असतो. जिवंत पोहताना कसा दिसतो हे बेळगावातल्या पोराला कुठं कळणार?

माझा मुलगा काचेला नाक लावून उभा होता, वरून पाकट सरकत आलं आणि पोट काचेला टेकवून थांबलं. तोंड खाली, त्यामागं दोन्हीकडं पाच-पाच फटी, उघडतायत, मिटतायत. मुलानं बोटं मोडून मोजल्या. घरी आल्यावर बाजारात सुकं पाकट दिसलं तर म्हणाला, "पप्पा, ह्याचं तोंड खालच्या बाजूला असतंय." मासेवाली बाई बघतच राहिली. मी त्या दिवसाच्या तिकिटाला रडलो नाही.

मात्र शहापूरकर, मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय डोक्यात असेल तर काढून टाका. मरीन ड्राइव्हचं ते १९५१ सालचं, आमच्या वडिलांनी बघितलेलं. कोविडात बंद झालं, मग इमारतच जुनी झाली म्हणून उघडलं नाही. नेटवर जुने फोटो अजून फिरतात आणि आपली माणसं पत्ता शोधत तिथं जाऊन उभी राहतात. निघण्याआधी चौकशी करून घ्या.

वडगावची सून

पाच फटी मोजायला पाच जणांचं तिकीट काढलं म्हणजे फटीला एक तिकीट पडलं, भावोजी.

मारुती गल्ली

दोन्हीकडच्या धरा, दहा होतात. अर्धं तिकीट.

निपाणी नाका

मुंबईला रस्त्यानं जाणार असाल तर कात्रज वाटेवरच आहे. १३० एकर, त्यात तळंच मोठं. सर्पोद्यान १९८६ पासूनचं, प्राणिसंग्रहालयाच्याही आधीचं. मुलांना नाग आणि धामण यातला फरक शिकवायला त्यापेक्षा चांगली जागा नाही, आणि आपल्याकडं शेतात तोच फरक कामाला येतो. पेंग्विन काय शेतात निघणार आहे?

अनगोळ नाका

राणीच्या बागेबद्दल अजून एक. २०१७ मध्ये तिकीट पाचाचं पन्नास केलं तेव्हा केवढी बोंब झाली होती. पण त्यातच चौघांच्या कुटुंबाला शंभर असा दर ठेवला. म्हणजे तुमचं सगळं मिळून मॉलमधल्या एका तिकिटापेक्षा कमी होईल. दर बदललेत का ते बघून घ्या. पेंग्विनकडं आधी पळू नका, सगळे तिकडंच पळतात. सकाळी उघडल्या उघडल्या पाणघोड्याकडं जा. तो पाण्याबाहेर येऊन शेपटी पंख्यासारखी फिरवत शेण उडवतो. आमच्या पोरांनी परतीच्या प्रवासात फक्त तेवढंच सांगितलं, मिरजेपर्यंत. आईंना बाग म्हणून बसायलाही बरं, झाडं जुनी आहेत, गोरखचिंचेचा बुंधा बघण्यासारखा. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय, आणि दारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. तो कुठं पळत नाही, लपत नाही, मास्तरांनी रागवू नये.

चिकोडीचा वाटसरू

शेण बघायला मुंबईला. छान.

शहापूरकर

सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचे जास्त. ठरलं असं: बुधवारी रात्री दादरची गाडी, गुरुवारी मुंबईत पोचून विश्रांती, शुक्रवारी सकाळी राणीची बाग, दुपारी जेवून आईला संग्रहालय, बास. मत्स्यालय या खेपेला नाही. वडगावच्या वहिनी जिंकल्या असं नाही, पाच तिकिटांचा हिशेब जिंकला. म्हैसूर पुढच्या वर्षी, दसरा सोडून. बायकोनं हे लिहून घेतलंय.

मास्तरांचं लपण्याचं धाकट्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वाघ लपला तर पैसे परत देतात काय?" आईला सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, पेंग्विन बघते, पण त्या गोल्फ कोर्सवरच्या बिबट्याचं शेवटी काय झालं, ते कुणी सांगितलंच नाही.

कंग्राळी

धागा पूर्ण वाचलेला नाही. राणीची बाग बुधवारी बंद असते हां, लक्षात ठेवा.