मदत हवी आहे: १०बेस२ नेटवर्क मोठ्या फाइलला अडतंय

नमस्कार मंडळी. फोंड्यात सहा जुन्या ३८६-४८६ संगणकांचं १०बेस२ नेटवर्क (पातळ गोल केबलवरचं जुनं इथरनेट) उभं करतोय. एनई२००० जातीची नेटवर्क कार्डं, आरजी-५८ ही ५० ओहमची केबल, एकूण ४० मीटर. १८५ मीटरची मर्यादा फार लांब राहिली. प्रत्येक टी (केबल कार्डाला जोडणारा तीन तोंडांचा जोड) थेट कार्डावर, मधे जादा केबलची शेपटी नाही. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारे रोधक), अर्थिंग एकाच टोकाला.

सगळं बंद ठेवून मल्टिमीटरने मधली पिन ते कवच मोजलं तर २६ ओहम येतात, दोन ५० समांतर धरले तर २५ च्या आसपासच यायला हवेत, म्हणजे दोन्ही टर्मिनेटर शाबूत. कार्डाला आयआरक्यू (इंटरप्ट क्रमांक) ५ दिलाय, कारण ३ वर कॉम२ हा सिरियल पोर्ट बसतो. फ्रेमचा (डेटाच्या पाकिटाचा) प्रकार सगळीकडे ८०२.३. लॉगिन होतं, छोट्या फाइली जातात. एक-दोन एमबीची फाइल मात्र चौथ्या यंत्राच्या पुढे अडकतेच.

संशय चौथ्या-पाचव्यामधल्या तुकड्यावर आहे. वरची छपाई पुसलीय आणि जाडी ६ मिलिमीटर भरते. आरजी-५८ पाच मिलिमीटरची असते. ही टीव्हीची ७५ ओहमची आरजी-५९ तर नव्हे? मीटरला हा फरक कळत नाही, पण सिग्नल जोडावरून परत फिरतो.

ऑसिलोस्कोप नसताना खात्री कशी करायची? मधल्या तारेची जाडी मोजून भागेल का? त्याच टोकाला क्रिंपखालची (दाबून बसवलेल्या कनेक्टरखालची) जाळी पावसाच्या दमटपणाने हिरवी पडलीय. दोन-तीन इंच कापून नवा कनेक्टर चालेल, की तुकडाच बदलावा? ट्रॉलरच्या व्हीएचएफ वायरलेसलाही ५० ओहमचीच केबल लागते, तर वास्कोकडे आरजी-५८ चे क्रिंप बीएनसी कनेक्टर कुणाला मिळालेत का?