अर्ज पेंडिंग असताना देशाबाहेर: परत येताना काय झालं?

परवा मैत्रिणीचा फोन आला. ती नेदरलँड्समध्ये असते. परमिटची मुदत तीन आठवड्यांत संपतेय, रिन्यूअलचा अर्ज केलाय, निकालाचा पत्ता नाही, आणि घरी जाणं भाग आहे. 'जाऊ की नको?' म्हटलं, अगं, जायला कोण अडवतंय, परत येता येईल का ते बघ. राहण्याची परवानगी वेगळी आणि परत येण्याची वेगळी, हे मलाही अडकल्यावरच कळलं होतं.

तर या कात्रीत सापडलेल्यांनी लिहा. देश कुठला आणि परवाना कुठला, हे आवर्जून सांगा, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात जायचं. सुरुवात मीच करते.

मी जर्मनीत, नोकरीच्या परवान्यावर. मुदत संपायच्या आधी अर्ज टाकला होता, पण अपॉइंटमेंट काही मिळेना. शेवटी फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग, म्हणजे अर्ज पेंडिंग असल्याचा तात्पुरता दाखला, हाती आलं. (नाव नीट म्हणता येईपर्यंत त्याचीच मुदत संपावी.) घडीचा हिरवट कागद, आत तीन चौकोन, आणि फुली कुठल्या चौकोनात आहे त्यावर सगळं अवलंबून. तिसऱ्यात असेल तर ते निवास कायद्याच्या कलम ८१ चं पोटकलम ४: जुना परवाना निकालापर्यंत चालू धरतात, बाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ च्या चौकोनात असेल, तर देशात खुशाल राहा, पण त्या कागदावर परत येता येत नाही. माझी फुली तिसऱ्यात होती, म्हणून निर्धास्त गेले.

परतताना चेक-इन काउंटरवरच्या मुलीने परवान्याचं कार्ड हातात घेतलं आणि तारखेवर बोट ठेवलं. 'मॅडम, हे संपलंय.' मी हिरवा कागद पुढे केला. तो जर्मन भाषेत. तिने तो वरून वाचला, खालून वाचला, उलटा करून शिक्का पाहिला आणि सुपरवायझरला हाक मारली. त्याने आणखी कुणाला फोन लावला. मला बॅगांसकट बाजूला उभं केलं. तिचा राग तरी कसा करणार? कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी आणला तर भुर्दंड विमान कंपनीला बसतो. चाळीस मिनिटांनी कुणीतरी टायमॅटिक उघडलं. कुणाला चढू द्यायचं ते विमान कंपन्या त्यात बघतात. तिथे माझा कागद सापडला. उतरल्यावर सीमेवरच्या अधिकाऱ्याने मात्र फुली पाहिली, शिक्का मारला, पुढचा.

* * *

इटलीत रिन्यूअलचा अर्ज पोस्टात द्यावा लागतो आणि मिळालेली पावती महिनोन्‌महिने जिवापाड जपायची. पावती, संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट एवढ्यावर घरी जाऊन येता येतं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की मध्ये दुसऱ्या शेंगेन देशात (आपसात सीमातपासणी नसलेले युरोपातले देश) उतरता येत नाही, ट्रान्झिटसाठीसुद्धा. मी हौसेने स्वस्त तिकीट काढलेलं, जाता-येता दोन्हीकडे शेंगेनमध्येच विमान बदलायचं. ऑफिसातल्या एका सीनियरने सहज रूट विचारला म्हणून वाचलो. तिकिटाचे पैसे गेले. आखातातून आलो, थेट इटलीत उतरलो.

* * *

अमेरिका. माझं ग्रीनकार्ड संपलेलं, आय-९० (कार्ड नवं करून घ्यायचा अर्ज) भरलेला. पावतीच्या पत्रावरच लिहिलेलं असतं की कार्डाची मुदत ३६ महिने वाढवली आहे (सप्टेंबर २०२४ च्या आधी २४ होते). कार्ड आणि पत्राची मूळ प्रत दाखवली, काही त्रास झाला नाही.

धाकटा भाऊ तिथेच शिकायला होता, त्याचा आय-४८५, म्हणजे पहिल्या ग्रीनकार्डाचा अर्ज, चालू. 'ताईची पावती चालली, मग माझी का नाही?' अरे बाबा, माझं कार्ड मिळालेलं आहे, तुझं मिळायचं आहे! आय-४८५ पेंडिंग असताना ॲडव्हान्स पॅरोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात न घेता बाहेर पडलं की अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यातून सूट आहे, पण हा स्टुडंट व्हिसावर. बॅग भरून झाली होती त्याची. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

* * *

कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याचं) कार्ड बाहेर असतानाच संपलं. पीआर जात नाही त्याने, पण विमानात चढू देत नाहीत. ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी बाहेरूनच अर्ज करावा लागला. तोवर सासुरवाडीत मुक्काम, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

* * *

जपान. खिडकीवर अर्ज दिला की कार्डाच्या मागे 'अर्ज चालू' असा शिक्का बसतो. मुदत संपल्यावर जुना परवाना चालतो तो जास्तीत जास्त २ महिने, किंवा निकाल आधी लागला तर तोवर. जाऊन यायचं ते त्यातच, आणि नवं कार्ड घ्यायला आपण जपानात हवं. मी महिन्याभराचा बेत केला होता, धास्तीने नऊ दिवसांत परतले. निकालाचं पोस्टकार्ड टपालपेटीत पडलेलं होतं.

* * *

ब्रिटनमध्ये मुदतीत अर्ज केला की १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३सी जुना हक्क निकालापर्यंत लांबवतं. नोकरी चालू, घर चालू. मात्र निकालाआधी ब्रिटन, आयर्लंड, चॅनल बेटं आणि आइल ऑफ मॅन यांच्या बाहेर गेलात की अर्ज मागे घेतला असं समजतात.

माझी जुनी मुदत संपून गेली होती आणि निकाल आला नव्हता. वडील पहाटे गेले. दादा म्हणाला, 'तू येऊ नकोस, मी बघतो.' त्याने फोन एका काकांच्या हातात दिला होता. काकांचा हात थरथरत होता, त्यामुळे मला बराच वेळ नुसतं आभाळ दिसत होतं. निकाल अकराव्या दिवशी आला, मंजूर.

* * *

पुन्हा मीच. मैत्रिणीला हे सगळं वाचायला दिलं. ब्रिटनच्या अनुभवानंतर ती काही बोलली नाही. नेदरलँड्समध्ये अशा वेळी रिटर्न व्हिसा मिळतो, पासपोर्टात स्टिकर लावून देतात. त्याची अपॉइंटमेंट तिने घेतली आहे, मंगळवारची. तिकीट अजून काढलेलं नाही.