घरचंच खातो, तरी? अनुभव लिहा

डॉक्टर रिपोर्ट बघत विचारतात, "बाहेरचं फार खाता का?" आणि आपण छाती पुढे काढून सांगतो, "छे छे, सगळं घरचं!" वडापाव, चायनीज, कोल्ड्रिंक यांना शिव्या घालून झाल्या आहेत, त्यामुळे इथे त्यांना प्रवेश नाही. या धाग्यात फक्त आपल्या स्वयंपाकघरातलं लिहायचं. घरच्या कुठल्या सवयीने दुखणं आणलं किंवा वाढवलं, आणि घरच्याच कुठल्या बदलाने ते आवाक्यात आलं? औषध चालू असेल तर तेही लिहा, नाहीतर सगळं श्रेय मेथीला जातं. "करून बघा, माझी गॅरंटी" असं कोणी लिहिलं तर प्रतिसाद उडवला जाईल.

चहाबाज, सांगली

मेथी, पालक, चवळई, शेपू, आमच्याकडे एक ना एक पालेभाजी रोज असते. डब्यात शेंगदाणा-गुळाची वडी. तरी हिमोग्लोबिन 8.6. शाळेचा जिना चढताना धाप लागायची आणि फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावून खावासा वाटायचा. (हेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. मी उन्हाळ्याला दोष देत होते.)

डॉक्टरीणबाईंनी भाजीचं काही विचारलंच नाही. विचारलं, "चहा कधी कधी होतो?" सकाळी चहा-चपाती, आमच्याकडे तो नाश्ताच आहे. दुपारी डबा संपला की स्टाफरूममध्ये चहा. चहातली टॅनिन भाजी-धान्यातल्या लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते अंगी फारसं लागत नाही. म्हणजे पालक खायचा आणि त्याच्यावर लगेच कप रिता करायचा, असा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू होता.

चहा सोडलेला नाही, सोडणारही नाही. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवलं, सकाळची चपाती भाजीबरोबर गेली, आमटी-भाजीवर लिंबू आलं. आंबटातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. धाग्याच्या अटीप्रमाणे हेही लिहिते: लोहाच्या गोळ्या काही महिने घेतल्या आणि पाळीत फार जात होतं त्यावरही उपचार झाले. आता 12.1 आहे. नुसत्या लिंबाने हे झालेलं नाही. पण गोळ्या याआधीही घेतल्या होत्या, चहाच्या घोटाबरोबर, तेव्हा आकडा जागचा हलला नव्हता.

अबोली, ठाणे

गोळी चहाबरोबर! आमच्या आईंचं अगदी हेच चालतं. आजच सांगते.

सुकटप्रेमी, रत्नागिरी

बाबांचं बीपी दोन-दोन गोळ्या चालू असूनही 150 च्या खाली येईना. ताटात वरून मीठ घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे "आपण मीठ कमीच खातो" हे घरातलं सर्वमान्य मत. वहिनी नर्स आहे. तिने वाद घातला नाही, मिठाचं नवं पाकीट फोडलं त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घातली.

हिशोब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट चमचाभर, तेही दिवसभराचं सगळं धरून. घरात चार माणसं, रोज 20 ग्रॅम, म्हणजे किलोचं पाकीट निदान 50 दिवस जायला हवं. आमचं महिनासुद्धा पुरलं नाही. आणि त्यात सुकट, बोंबील, खारवलेली सुरमई, विकतचे पापड यांतलं मीठ धरलेलंच नाही. ते वेगळ्या दाराने घरात येतं. सोलकढीच्या आगळातही मीठ असतं, हे तर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाबांची सकाळ म्हणजे पेज आणि तोंडी लावायला लोणच्याची फोड नाहीतर भाजलेला बोंबील. पेज तशीच ठेवली, बाजूला कुळथाची पिठी आली, मीठ बेताचं. सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यायचं आणि ती रविवारपुरती. पहिले काही दिवस बाबा "हॉस्पिटलचं जेवण" म्हणून ताट सरकवायचे. जीभ हळूहळू सरावली. आता लग्नाच्या पंगतीतली आमटी त्यांनाच खारट लागते. गोळ्या चालूच आहेत, पण वरचा आकडा 130 च्या आसपास राहतो.

एक सूचना. "कमी सोडियमचं" मीठ आणायला निघालो होतो, डॉक्टरांनी अडवलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते महागात पडतं. विचारल्याशिवाय आणू नका.

माळकरी, पुणे

घरात तीन पिढ्यांची माळ. अंडंही नाही. पायाला मुंग्या, जीभ लालभडक, रात्री तळपायांची आग. मणक्याचा एमआरआय करून झाला. नंतर कोणीतरी बी12 तपासलं, 128 निघालं (लॅबच्या कागदावर 200 च्या वर हवं असं छापलेलं होतं). मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळीही चालू होती, तीही बी12 खाली आणते.

मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, पिठलं-भाकरी, यात बी12 नसतं. ते प्राण्यांकडून मिळतं, आम्हाला त्यातलं फक्त दूध-दही चालतं आणि मी दूध चहापुरतंच घेत होतो. मी एकटाच असा आहे असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून जवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त बायकांचं बी12 कमी निघालं होतं.

कॅप्सूलला आमच्याकडे नकार, कारण तिचं जिलेटिनचं आवरण प्राण्यांपासून बनतं. मग इंजेक्शनं घेतली, आता जिभेखाली ठेवायची गोळी घेतो. मुंग्या गेल्या. तळपायाचा थोडा भाग बधिर आहे तो आहेच, उशीर झाला की सगळं भरून येत नाही म्हणतात. माळ गळ्यात आहे. रोज वाटीभर दही आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढी भर पडली.

धानपट्टा, भंडारा

माझा अनुभव आजोबांच्या पिढीचा आहे, पण विषय घरच्या जेवणाचाच म्हणून लिहितो.

आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत (भाताच्या शेतात) लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी, फेकतात. नांगरणी नाही, पाणी नाही, धान कापलं की जमिनीतल्या ओलीवर ती आपोआप वाढते. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकी सगळं जळतं, ही उरते. म्हणून ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या ताटात तीच. कोवळ्या पानांची भाजी, डाळीचे वडे, वरण. चवीला झकास, खोटं कशाला बोलू.

हिच्या दाण्यात मज्जातंतूंना इजा करणारं एक द्रव्य असतं. भातासोबत अधूनमधून वाटीभर खाणाऱ्याला सहसा काही होत नाही. पण दोन-तीन महिने जेवण म्हणून लाखोळीच पोटात गेली की पाय आखडायला लागतात. मांड्या ताठ, टाचा उचललेल्या, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत. डॉक्टर या दुखण्याच्या पायऱ्या काठीवरून मोजतात: काठीशिवाय चालणारा, एका काठीवरचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातावर सरपटणारा. गेलेले पाय परत येत नाहीत. आजोबांच्या गावात दोन काठ्यांचे लोक होते. सगळे मजुरीवाले. मालगुजाराच्या (जमीनदाराच्या) घरी लाखोळी पिकायची, पण त्याच्या घरात कोणाचे पाय गेले नाहीत, कारण तिथे सोबत भात, तूर, दूधही होतं. मजुराला मजुरीतच लाखोळी मिळायची. तेव्हा याला नुसता "डाळीचा रोग" म्हणणं मला पटत नाही.

1961 साली सरकारने विक्रीवर बंदी आणली. पुढे कमी विषाचे वाण निघाले, बंदी उठवा म्हणून विदर्भात आंदोलनंही झाली. घरी आई आजही करते तेव्हा डाळ कढत पाण्यात भिजत घालते आणि ते पाणी फेकते, विषाचा बराच भाग त्यात निघून जातो. शहरातल्यांसाठी: तुरीच्या डाळीत आणि बेसनात हिची भेसळ होते. तुरीचा दाणा गोलसर, लाखोळीचा पाचरीसारखा, एका बाजूला निमुळता. डाळ निवडताना दिसतो.

एकादशी, सोलापूर

सासूबाईंना मधुमेह. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. पथ्य कडक, "मी गोड खात नाही" हे सगळ्यांना माहीत. पण उपवासाला खिचडी, बटाट्याचा कीस, केळं. साबुदाणा म्हणजे कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. घरातच बोट टोचून बघितलं: खिचडीनंतर दोन तासांनी 271, एरवी ज्वारीची भाकरी आणि मटकीच्या उसळीनंतर 165-170.

त्यावर त्यांनी उलटं टोक गाठलं. मधुमेहाची गोळी घेऊन निरंकार उपवास! दुपारी देवघरासमोर घाम फुटून बसल्या, साखर 54. खिचडीपेक्षा हे भयंकर होतं. आता उपवासाच्या दिवसाचा गोळीचा डोस डॉक्टरांनी वेगळा लिहून दिलाय आणि ताटात राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, दाण्याची आमटी, ताक, काकडी. भगर वाटीभरच, तीही शेवटी धान्यच आहे. (भगरीचं आयतं पीठ घेऊ नका, दर नवरात्रात विषबाधेच्या बातम्या येतात. आम्ही निवडून, धुऊन घरी दळतो.)

अबोली, ठाणे

माझ्या मावशीचं. रोज सकाळी दुधीचा रस. एक दिवस रस कडूजहर निघाला. "कडू तेच औषधी" म्हणून तिने नाक दाबून संपवला. अर्ध्या तासात उलट्या, मग उलटीतून रक्त, बीपी खाली, आयसीयू. वाचली. कडू दुधीतलं कुकुर्बिटासिन विषारी असतं आणि त्यावर उतारा नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनेही हेच बजावलं होतं, की कडू लागला तर पिऊ नका. दुधीचा एक तुकडा चाखून बघायला किती वेळ लागतो?

मराठी इंदूरकर

इकडे गव्हाशिवाय घर चालत नाही. पुतणीची उंची थांबलेली, पोट फुगलेलं, रक्त कमी. निदान सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. गहू कायमचा बंद. सगळे हळहळले, फक्त आजी खूश. तिची लातूरकडची ज्वारीची भाकरी पन्नास वर्षांनी या घरात मानाने परतली.

तरी मुलीचं पोट बिघडायचंच. गुन्हेगार सापडला फोडणीत: हिंगाच्या डबीवर घटक म्हणून मैदा छापलेला होता. बांधणी हिंग गव्हाच्या पिठात बांधतात, तांदळाच्या पिठातला शोधून आणला. आणि ज्यांना शंका आहे त्यांनी तपासणीआधी मनाने गहू सोडू नका, मग रक्ताच्या तपासणीत काहीच दिसत नाही.

नाशिकची आई

माझा मुलगा नऊ वर्षांचा, टाइप 1 मधुमेह. त्याने काही खाल्लं म्हणून हे झालेलं नाही, मी काही खाऊ घातलं म्हणूनही नाही. शरीरच स्वतःच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. तरी प्रत्येक हळदीकुंकवाला "लाडू फार दिलेस का गं?" ऐकते. एका काकूंनी इन्सुलिन बंद करून कारल्याचा रस द्यायला सांगितलं. त्याचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जीव जाईल. धागा छान आहे, पण प्रत्येक आजाराला ताटातलं कारण नसतं, एवढं या यादीत राहू द्या.

धागाकर्ती

राहणारच. वर चिकटवून ठेवते आहे.

नवी सभासद, बेळगाव

सुकटप्रेमी, मिठाच्या पाकिटावर तारीख घातली आहे. सासूबाईंचं म्हणणं, कैरीच्या लोणच्याला घातलं ते धरायचं नाही, ते "वर्षाचं" असतं. धरायचं का?

सुकटप्रेमी, रत्नागिरी

बरणी तुम्हीच संपवता ना? मग धरा.