मदत हवी आहे: बास गिटारच्या नेकला (लांब दांड्याला) सागवान चालेल का?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत घरामागच्या पडवीत चार तारांची इलेक्ट्रिक बास बनवतोय. बॉडी तयार आहे, जुन्या घराच्या सागवानी तुळईची. टिचकी मारली तरी खणखणीत वाजते, हात फिरवावासा वाटतो इतकी सुंदर उतरली आहे. अडलंय नेकपाशी.

स्केल (तारेची वाजणारी लांबी) 34 इंच, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बारावा फ्रेट (धातूचा पडदा) 17 इंचांवर. चारही तारा सुरात लावल्या की नेकवर सत्तर-ऐंशी किलोंचा ताण येतो. त्यात आमच्याकडे पावसाळ्यात दारंसुद्धा फुगून चौकटीत अडकतात. नेकसाठी सहसा वापरतात ते मेपलचं लाकूड मागवणं फार महाग पडतं. म्हणून सागवानाच्या तीन उभ्या पट्ट्या, मधलीचे रेषे उलट दिशेने ठेवून, चिकटवायचा विचार आहे. वर शिसवाचा फिंगरबोर्ड (बोटं टेकवायची पट्टी), आत दोन्ही बाजूंना वाकवता येणारा ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी धातूची सळई).

सागवान तेलकट, त्यामुळे चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसणार आहे. पण एवढ्या ताणाला साधा पांढरा गोंद हळूहळू सरकेल अशी मला भीती वाटते. इपॉक्सी वापरू का? ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या घालाव्यात, की उगाच खर्च?

आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणाची ओळख असेल तर सांगा. नेकसाठी लांब, सरळ रेषांचं, चांगलं मुरलेलं लाकूड तिथे विकत मिळेल का? कोकणात राहून ज्यांनी नेक बनवलाय, त्यांनी पावसाळ्यानंतर तो कसा राहिला तेही कृपया लिहा.