दीड एकर वरकस जमिनीवरचे गवत: कापावे केव्हा आणि वाळले हे ओळखावे कसे?

प्रश्न (कळवा, ठाणे)

सर्वांना नमस्कार. मुरबाड तालुक्यात आमची दीड एकर वरकस (भाताला न चालणारी, उताराची हलकी) जमीन असून तेथील गवतावर काकांच्या दोन गाई आणि एक कालवड उन्हाळा काढतात. यंदा कापणीला माणसे मिळत नसल्यामुळे शनिवार-रविवारी जाऊन ब्रशकटरने मीच गवत कापणार आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापलेले गवत दोन दिवस वाळवून आम्ही भारे बांधले, गंजी रचून तिच्यावर ताडपत्री चहूबाजूंनी गच्च आवळली, आणि पंधरा दिवसांनी आत हात घातला तेव्हा वाफ अंगावर आली. मधले गवत तपकिरी पडून त्यावर बुरशी धरली होती. गाईंनी त्याला तोंडही लावले नाही. ट्रॅक्टर किंवा गठ्ठे बांधण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. कापणीची योग्य वेळ कोणती, आणि गवत पुरते वाळले हे कशावरून समजावे?

उत्तर १ (किन्हवली, शहापूर)

ओलसर गवत दाबून रचले की सूक्ष्मजीव वाढून आत उष्णता धरते, आणि ती बाहेर पडू दिली नाही तर गंजी आतल्या आत पेटूही शकते. म्हणून तुमचे गवत वेळेत उघडले गेले हे बरेच झाले.

कापणीबाबत आपली अडचण दुहेरी आहे. हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस साधारणपणे ८ ऑक्टोबरला परततो, आणि त्याच्या आगेमागे दुपारनंतर मेघगर्जनेसह सरी येतात. मात्र कोरड्या हवेची वाट पाहत फार थांबलात, तर कुसळी गवताला कुसळे धरतात, ती गुरांच्या तोंडात रुततात, आणि पवना, मारवेल यांसारखे चांगले गवतही दाणा झडल्यावर काडी होऊन बसते. त्यामुळे तुरे फुलोऱ्यात असताना, तीन दिवस आकाश स्वच्छ राहील असे दिसताच कापावे. सलग तीन दिवस हवेत म्हणून शुक्रवारची रजा काढा आणि एका खेपेस अर्ध्या एकरापलीकडे जाऊ नका.

ब्रशकटरला नायलॉनची दोरी लावू नये, तिने गवताचा चुरा होतो. लोखंडी पाते लावून उजवीकडून डावीकडे फिरवीत गेल्यास गवत डाव्या हाताला ओळीने पडते. सकाळचे दव उडाल्यावरच कापावे, पातळ पसरावे, दुपारी लाकडी दाताळ्याने उलटावे, आणि रात्रीच्या दवापासून वाचवण्यासाठी संध्याकाळी लहान ढीग करून सकाळी पुन्हा मोडावेत.

उत्तर २ (नेरूळ, नवी मुंबई)

ओळखण्याबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. पाने लवकर वाळतात आणि आपण त्यांच्या कुरकुरीतपणाला फसतो. ओल उरते ती काडीच्या पेरात. जाड काडी घेऊन पेराजवळ नखाने खरवडावी: साल सोलून आली तर अजून एक दिवस ऊन द्यावे. दुसरी खूण बरणीची. काचेच्या कोरड्या बरणीत गवताचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवावे. मीठ सुटे राहिले तर गवत बांधण्याजोगे आहे, गोळे झाले तर नाही. साठवणीच्या गवतात ओल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असावी.

माझ्या गावी आम्ही ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी बिनबुडाची लाकडी पेटी वापरतो. आधी आत सुतळीचे दोन पदर आडवे टाकून पेटीत गवत भरतो, पायाने दाबतो, सुतळी आवळतो आणि पेटी उचलून घेतो. असे गठ्ठे भाऱ्यांपेक्षा नीट रचता येतात. खाली दगडांवर लाकडी माच हवा, आणि ताडपत्री फक्त माथ्यावर. बाजू उघड्या ठेवा. पहिले तीन आठवडे रोज लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून पंधरा मिनिटांनी काढावी. ती हातात धरवत नसेल, तर त्याच दिवशी गंजी मोडावी, पण पाण्याच्या बादल्या जवळ ठेवून.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. गेल्या वर्षीचे गवत अजून पडून आहे. बुरशीचे तेवढे झटकून उरलेले घालता येईल का?

उत्तर १

नाही, घालू नका. झटकल्याने बुरशी जात नाही, गाभण गाय गाभ टाकू शकते, आणि झटकणाऱ्याच्या फुप्फुसात ती धूळ जाते. नाकाला कापड बांधून ते बाजूला काढा. उन्हाळ्यात काका राब भाजतील, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतील, तेव्हा ते कामी येईल.